डोळे मिटलेली बाई सुनेला

मी, वय ऐंशीच्या आसपास, हे मृत्युपत्र राजीखुशीने सांगून लिहवून घेत आहे. मला अक्षर येत नाही. वकिलाचा कारकून लिहितो आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत म्हणे. कोणाचा दबाव नाही. दबाव टाकणारा नवरा केव्हाच गेला.

१. नवऱ्यामागे माझ्या नावावर झालेल्या दोन खोल्या मुलाला. अट पुढे आहे, त्याने लगेच हुरळून जाऊ नये.

२. कोपऱ्यातला प्लास्टरचा पुतळा, ज्याच्या खांद्यावर मुलगा ओला टॉवेल टाकतो, तो पुतळा माझा. म्हणजे मीच. तरुणपणी एका शिल्पकाराकडे मी फरशी पुसायला जाई. वाचनालयाच्या दारात ठेवायला त्याला वाचणारी बाई घडवायची होती. "मावशी, हे पुस्तक घ्या आणि नुसत्या बसा," म्हणाला. नुसत्या बसा! लग्न झाल्यापासून असे कोणी म्हटले नव्हते. मी बसले आणि झोपले. त्याने उठवले नाही, दिसले तसे घडवले. वाचनालयवाल्यांनी पुतळा परत पाठवला: बाईचे डोळे मिटलेले, पुस्तक उलटे. त्याने तो मला दिला.

नवऱ्याने पाहिला. "कामाला जातेस की झोपायला?" दुसऱ्या दिवसापासून काम बंद.

त्यानंतर मी बसले नाही, ती बसली. भांडी घासताना तिच्याकडे बघायचे, तेवढाच माझ्या पाठीला आराम.

३. सदर पुतळा सुनेला. ती टेकलेली दिसली की मला हटकून काम आठवायचे. मला कोणी बसू दिले नाही, मी तिला दिले नाही. माफी मागत नाही. तोंडाला सवय नाही.

४. रोज जेवणानंतर अर्धा तास सुनेने पुतळ्यासमोर खुर्ची टाकून बसावे. त्या वेळात मुलाने तिला एक जरी हाक मारली, तर दोन्ही खोल्या सुनेच्या.

कारकून विचारतो, "आजी, हाक मारली हे सांगणार कोण?"

"सून."

"आणि ती खोटं बोलली तर?"

"तर खोल्या तिच्या. तुझं काय जातंय? लिही."

सर्व मजकूर सुनेला समोर बसवून वाचून दाखवला. मुलाने बाहेरून दोनदा हाक मारली. दोन्ही वेळा ती उठली. कलम चार खोडू नये.

डाव्या अंगठ्याचा ठसा

साक्षीदार: वरच्या मजल्यावरची नर्स (सही)
समोरचा चष्मेवाला (सही)

स्थळ: राहत्या घराचे स्वयंपाकघर
दिनांक: ९ फेब्रुवारी