ड्रायव्हर प्रतिसाद देत नाही

तीर्थस्वरूप अक्कास धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (पत्रातच घालतो. प्रत्यक्षात घातला तर हल्ली मला उठवायला दोन माणसं लागतात.)

आधी हिशेब सांगतो, बाकीचं मागाहून. एक विमान जमिनीवर धडपणे उतरवायला आम्हाला काय काय लागलं म्हणशील, तर एकोणीस दिवस, तेवीस उड्डाणं, जावयाचे तीन रविवार, माझ्या चष्म्याची एक दांडी आणि छत्तीस वर्षांत तुझ्या भावजयीचा माझ्यावर जो काही विश्वास साठला होता त्यातला निम्मा. विमान खोटं होतं, हे वेगळं.

तुझे गुडघे काय म्हणतात? दाजी कानाचं मशीन लावायला लागले, की अजून खिशात ठेवूनच ऐकू येत नाही म्हणतात? इकडे लेकीला आठवा लागला. तब्येत उत्तम. डॉक्टरांनी पुढच्या महिन्याची वीस तारीख दिलीय आणि आमचं विमान त्याच महिन्याच्या बारा तारखेचं. पण तुझी भावजय विमानात बसायलाच तयार नव्हती. जन्मात तिने विमानात पाऊल ठेवलेलं नाही. (मीही नाही, पण माझी गोष्ट वेगळी. ब्रेक गेलेला भरला ट्रक ज्याने उतारावरून खाली आणलाय, त्याला भीती कसली.) लेक फोनवर रडली, ही इकडे रडली, आणि मी मध्ये फोन धरून उभा. शेवटी जावयाने तोड काढली. परदेशी जाताना तो आपला गेम खेळायचा भला थोरला कॉम्प्युटर आमच्या पुढच्या खोलीत ठेवून गेला होता. त्यात विमान चालवायचा खेळ आहे, तो आईंना दाखवा म्हणाला, भीती मोडेल. हिने अट घातली, "एकदा माझ्या डोळ्यांदेखत ते विमान लेकीच्या गावी नीट उतरू दे. मग मी येते."

अक्का, खेळ म्हटल्यावर मला वाटलं टुकटुक आवाज करत काहीतरी इकडून तिकडे जात असेल. सुरू होताच कॉम्प्युटरने इंटरनेटवरून स्वतःहून काय काय नवं भरून घेतलं, मग पडदा उजळला आणि आत पृथ्वी होती. अख्खी. आपली गल्ली होती, माझ्या गोदामाचा पत्रा होता, त्यावरची निळी टाकी होती. ज्या पत्र्याखाली तीस वर्षं काढली, तो मी वरून पहिल्यांदा पाहिला. एवढासा दिसतो गं. मग विमान ढगात शिरलं, खिडक्या पांढऱ्या झाल्या, आणि एकदम वर आलो तर तिथे लख्ख ऊन. ढगांच्या वर ऊन असतं हे ऐकून होतो, पण आपल्याकडे दिवसभर अंधारून आलेलं असतं तेव्हाही ते तिथे असं पसरून बसलेलं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ही पालेभाजी निवडत होती. हातातली जुडी हातातच राहिली. ज्या बाईला रिक्षातही दांडा धरून बसायला लागतं, ती खुर्ची पुढे ओढून बसली.

आणि लेकीचं गाव आलं, इमारती दिसायला लागल्या, तोच पडदा काळा. त्यावर इंग्रजीत एक चौकट. हिने एकेक अक्षर लावून वाचलं, की ग्राफिक्स ड्रायव्हरने प्रतिसाद देणं बंद केलं आहे. मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाली, "ड्रायव्हर बोलत नाहीये. मग चालवतंय कोण?"

चाळीस वर्षं ट्रकच्या धंद्यात ड्रायव्हर सांभाळले मी, पण हा कुठला ते विचारायला जावयालाच फोन लावला. जावयाने समजावलं की हा ड्रायव्हर म्हणजे माणूस नव्हे, खेळाचा हुकूम चित्र काढणाऱ्या कार्डापर्यंत पोचवणारा प्रोग्रॅम आहे. ही म्हणाली, माणूस असो नाहीतर प्रोग्रॅम, उतरायच्या वेळेलाच शुद्ध हरपते ना त्याची?

जावयाने नवा ड्रायव्हर घालायला सांगितला. तो गावाच्या वेशीवर गेला. त्याहून नवा घातला, तो ढगातच गेला. मग दुरुस्तीवाल्याला बोलावलं. आम्ही त्याला 'बघूया' म्हणतो, कारण दुसरं तो काही बोलत नाही. त्याने कॉम्प्युटरची पेटी उघडली, आतली धूळ काढली (एक उशी भरली असती), टेबलाचा पंखा त्यावर रोखला आणि बघूया म्हणून गेला. पुन्हा काळा. अशी बावीस विमानं आम्ही घालवली. प्रत्येकानंतर ही उठून भांडी घासायला जायची, आणि घासलेलीच पुन्हा घासायची. बारा तारीख जवळ येत होती. लेकीने विचारणंही सोडलं होतं.

बाविसाव्याला मी पडदा सोडून पेटीला कान टेकवला (चष्म्याची दांडी गेली ती इथेच). इमारती आल्या की आतला पंखा किंचाळायचा, अगदी भरला ट्रक चढावर चुकीच्या गिअरमध्ये रडतो तसा. गाडीत दम आहे, माल जास्त झालाय आणि ड्रायव्हर नवा आहे. एवढं तर मला झोपेतही कळतं. मी बघूयाला विचारलं, जावई रोज खेळायचा तेव्हा जो ड्रायव्हर होता, तो जुना माणूस परत मिळेल का? त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं आणि मिळेल म्हणाला. फक्त आताचा मुळासकट काढावा लागेल, त्याचं काही मागे राहिलं तर जुन्याशी भांडतो. हे मला नवीन नव्हतं. ड्रायव्हर सोडून जातो, पण त्याचा कंगवा, चपला आणि सवयी केबिनमध्येच राहतात. मग खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्रातला माल उतरवला. रस्त्यावरच्या मोटारी काढल्या, निम्मी झाडं काढली. ढग कमी करायला गेलो तर ही आडवी आली. ढग राहू द्या म्हणाली. राहू दिले.

तेविसावं उड्डाण रविवारी सकाळी. या वेळी विमान चालवायची दांडी हिच्या हातात, मी शेजारी. गाव आलं. नदी चमकून गेली, इमारती बाजूला सरकल्या, जिथे रोज अंधार व्हायचा ती जागा मागे पडली आणि धावपट्टी पांढरे पट्टे उलगडत रुंद रुंद होत अंगावर आली. दोन धक्के, मग घरघर, मग शांत. हिने दांडी सोडली आणि आपला तळवा पाहिला. पहिली लांबची खेप करून आलेली पोरं अशीच आपल्या हाताकडे बघतात. माझ्या घरात छत्तीस वर्षं असा ड्रायव्हर होता आणि मी बाहेर शोधत हिंडलो.

"उतरलं," ती म्हणाली. "आता माळ्यावरची मोठी बॅग काढा."

दाजींना नमस्कार, मशीन असेल त्या कानात.

तुझा धाकटा

ता. क. विमानात एका ओळीत तीन खुर्च्या असतात. खिडकी हिने घेतलीय, कडेची माझी. मधली तुझ्या नावावर धरून ठेवलीय. तू चार वेळा जाऊन आलेली, व्हिसाही चालू आहे असं दाजी म्हणाले. भावजयीला तेवढाच आधार.

आणखी एक ता. क. तुझ्या भावजयीने पत्र वाचलं. तिला आधार नको आहे, आणि खरं लिहिल्याशिवाय पाकीट चिकटवू देत नाही म्हणते. तर नदी, इमारती, पांढरे पट्टे हे सगळं तिने मला मागाहून सांगितलं. धक्के आणि घरघर माझी, ती मी स्वतः ऐकली. विमानाचं नाक खाली झालं तेव्हापासून 'उतरलं' ऐकेपर्यंत माझे डोळे मिटलेले होते.