मालकिणीचा अंगठा

२ मार्च

विहीणबाईंना शेवटी सरकारी दवाखान्यात घातलं. आठवडाभर छातीत घरघर, तरी तोंडाचा पट्टा चालूच. म्हणे, "मला खाजगीत न्या. सरकारीत माणूस आपल्या पायांनी आत जातो, बाहेर मात्र दुसऱ्यांनी आणावा लागतो." मी म्हटलं, "आता नाही हो तसं! नव्याकोऱ्या खाटा आल्यात. आमच्याच. माझ्या नावाच्या! कडेला कठडा आहे, कितीही लोळा."

"तुमच्या नावाच्या? मग झोपतेच. मोडली तर तुम्हालाच धरीन."

हसलो दोघी. सुनेला नवलच वाटलं – तिची आई आणि सासू एकाच वेळी, एकाच गोष्टीवर हसतायत!

इथं कोण वाचतंय, म्हणून लिहिते – मला मिरवायला आवडलं. धंदा माझ्या नावावर आहे. बाईच्या नावाचा धंदा असला की सरकारी टेंडरला सवलत मिळते, म्हणून चिरंजीवांनी तसं केलं. मी चौथीत शाळा सोडलेली. कागद पुढं आला की सही करते, वर काय लिहिलंय ते देव जाणे. पूर्वीपासून आमचं खुर्च्या भाड्यानं द्यायचं काम. निवडणुकीत हसऱ्याच्या सगळ्या सभांना आमच्या खुर्च्या, आमचं स्टेज – फुकट. (हसरा हे मी ठेवलेलं नाव. प्रत्येक फलकावर दात काढून उभा असतो.) शिवाय त्याच्या पक्षाला देणगी, तीही माझ्याच नावानं. मग हसरा निवडून आला, मंत्री झाला, नि खाटांचं कंत्राट आमच्याकडं चालत आलं. उद्घाटनाला मला स्टेजवर बसवलं. हसरा माइकवर म्हणाला, "या आईच्या हातून गोरगरिबांची सेवा घडली!" मी फीत कापली. टाळ्या पडल्या. फोटो बैठकीच्या खोलीत लावलाय, दारातून शिरताच दिसेल असा.

३ मार्च

विहीण दुपारी खाटेवरून पडली. खुबा मोडला.

४ मार्च

वॉर्डात गेले. फिनेलचा वास, भिंतीला टेकून सिस्टर उभी. पोरसवदा, डोळे सुजलेले. मोठे डॉक्टर सगळ्यांदेखत तिला झापत होते – "कठडा वर केला नव्हता तुम्ही. सरळ निष्काळजीपणा."

"वर केला होता सर. खटकाही लावला होता. त्या कूस बदलायला गेल्या नि कठडाच निखळला."

"नव्या खाटा आहेत! निखळतील कशा?"

नव्या खाटा म्हटल्यावर माझी मान ताठ झाली. हो, झाली! पेशंट समोर कण्हतोय आणि मी मान ताठ करतेय.

निखळलेला कठडा खाटेखाली सरकवून ठेवला होता. सहज वाकून पाहिला. सांध्यापाशी पाइप फाटलेला, आतून गंजलेला. पांढरा रंग तिथं उडालाय. पांढऱ्याखाली पिवळा. आणि पिवळ्यावर एक लालसर, लांबट डाग.

ओळखला. चष्मा पर्समध्ये होता, तरी ओळखला.

आमच्या खुर्च्या लोखंडी पाइपच्या, पिवळ्या रंगाच्या. मोठ्या कार्यक्रमाला चार भाडेवाल्यांच्या खुर्च्या एकत्र होतात, मग उचलताना हाणामारी – ही माझी, ती तुझी. म्हणून नवी खुर्ची आली की मी लाल ऑइलपेंटात अंगठा बुडवायची नि मागच्या पायावर दाबायची. चिरंजीव म्हणायचा, "आई, आता सही येते ना तुला!" मी म्हणायची, खुर्चीला कुठं वाचता येतंय?

तो माझा अंगठा. विहिणीच्या खाटेला.

वरून विहीण म्हणाली, "काय शोधताय खाली? माझा खुबा तिथं नाही पडला." इतक्या कळा येत होत्या तरी! मी कठडा परत खाटेखाली ढकलला. "अगंबाई," म्हणाली, "आज मुक्याच आलात?"

५ मार्च

निकालाच्या दिवशी हसऱ्याची माणसं आमच्या खुर्च्यांवर चढून नाचली होती. पार चेंदामेंदा. मोडक्या खुर्च्यांचा ढीग आमच्या आवारात कितीतरी दिवस पडून होता, मग एकदा दिसेनासा झाला. मी समजले, भंगारवाल्यानं नेला.

चिरंजीवांना विचारलं. आधी म्हणाला, "कसला अंगठा?" मग म्हणाला, "तुला हल्ली नीट दिसत नाही." मग उठून दार लावून घेतलं.

"आई, प्रचारात सगळं फुकट गेलं. देणगी वेगळी. कंत्राट मिळाल्यावर परत त्यांच्या माणसांचा वाटा वेगळा. ते मी कुठून काढायचं? खाटेला नवा पाइप घातला. कठड्याला तेवढा जुना. कठड्याला कोण बघतंय?"

"तपासायला कुणी आलं नाही?"

"आले ना. चहा पिऊन गेले. मंत्र्यांचा माणूस बरोबर होता."

"सासू आहे रे ती तुझी."

"मला काय ठाऊक, ती तिथं जाणार म्हणून? पाठवलं कुणी तिला? तूच ना!"

खरंय. मीच पाठवलं. का, तर फीत कापली होती म्हणून.

६ मार्च

फोटो उतरवला. सुनेनं विचारलं, का हो? म्हटलं, धूळ बसली होती. पुसून परत लावते म्हणाली. नको म्हटलं तर माझ्याकडं बघत राहिली.

८ मार्च

परवा सिस्टरची चौकशी. माल पुरवणारी म्हणून मलाही बोलावलंय. चिरंजीव माझी तालीम घेतोय, जणू मी नाटकात उतरणार आहे.

"तू एवढंच म्हणायचं – मी अडाणी बाई, मला यातलं काही कळत नाही."

"जन्मभर ज्यानं मला अडाणी म्हटलं त्याची मी पिसं काढली. आता माझ्याच तोंडानं म्हणू?"

"माझ्यासाठी म्हण."

आणि तोंड केलं. टक्कल पडलंय, पोट सुटलंय, पण तोंड तेच – कपबशी फोडून दाराआड उभा राहायचा तेव्हाचं. मी बरं म्हटलं. बरं म्हणून टाकलं!

१० मार्च

लांबलचक टेबल, पाण्याच्या ग्लासांवर झाकणं, कुरकुरणारा पंखा. सिस्टर समोर. कडक इस्त्रीचा गणवेश घालून आलेली, परीक्षेला आल्यासारखी.

साहेबांनी विचारलं, कठड्यात काही दोष असू शकतो का?

म्हटलं, मी अडाणी बाई. मला यातलं काही कळत नाही.

"बरं बरं, बसा आजी." कुणीतरी पाणी दिलं. किती सोपं! एकानंही उलटून विचारलं नाही. सगळ्यांना लगेच पटलं. तेच जास्त झोंबलं.

सिस्टर माझ्याकडं बघत होती. रागानं बघती तर बरं झालं असतं. तिलाही पटलं होतं. सुटल्यावर जिन्यात तिनं माझा हात धरला – "सावकाश आजी, पायरी मोडकी आहे." मी तिच्या हाताला धरून उतरले.

तिला निलंबित केलंय. पुढच्या बैठकीत नोकरीवरूनच काढणार म्हणतात. घरी आजारी बाप आहे, एकटी कमावती.

तिनं धरलेला हात मांडीत घेऊन बसलेय. अंगठा हाच.

११ मार्च

लाज वाटते. बाकी लिहायला काही नाही.

१३ मार्च

दोन दिवस दवाखान्याकडं फिरकले नव्हते. आज गेले. विहीण म्हणाली, "त्या दिवशी चौकशीत जीभ कुठं ठेवून आला होतात? घरी माझ्यासाठी राखून ठेवली होती का?"

मग हळूच म्हणाली, "पोरीनं कठडा लावला होता हो. खटका वाजलेला ऐकला मी. पण मी तापात होते, म्हणून माझं कुणी धरत नाही. तुम्ही माल दिलाय. तुमचं धरतील."

मग मात्र सांगून टाकलं. खुर्च्या, रंग, अंगठा, हसरा, देणगी, सगळं. खाटेच्या पायथ्याशी बसून, तिच्या पांघरुणाशी चाळा करत. तिच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

विहिणीनं पांघरूण माझ्या हातातून ओढून घेतलं. नेहमीसारखा एखादा टोमणा फेकेल वाटलं. एवढंच म्हणाली, "माझ्या लेकीचं घर आहे ते."

म्हणजे काय? बोला, की गप्प बसा? विचारायची हिंमत झाली नाही.

वळले तर मागं सून. हातात डबा. कधीची उभी होती कोण जाणे.

१४ मार्च

काल सून माझ्यामागोमाग घरी आली. कपड्यांच्या घड्या घातल्या, झोपली. आज भेटीच्या वेळेला मला म्हणाली, "चला."

वॉर्डात शिरली. पिशवी माझ्या हातात दिली, घराच्या किल्ल्यांचा जुडगा काढला आणि पहिल्या खाटेचा कठडा खरवडायला लागली. मग दुसरीचा. मग तिसरीचा. सगळीकडं पिवळा! मधेच कुठं लाल. पेशंट उठून बसले. एक म्हातारा ओरडला, "बाई, माझ्या खाटेचं पण बघा, माझ्या नशिबी कुठला रंग ते!" लोक हसले. सून हसली नाही. मोठ्यानं म्हणाली, "सभेच्या खुर्च्या आहेत या! मंत्र्यांच्या सभेच्या! हात लावून बघा, हलतात का!" कठडे बघितले तर हलत होते. नातेवाइकांनी मोबाइल काढले.

मी पिशवी धरून उभी होते. दुसरी किल्ली मागावी एवढंही सुचलं नाही.

परतताना ती म्हणाली, "आई, तुम्ही अंगठा लावून ठेवलात, तेवढं एक बरं केलंत." टोमणा होता की नाही, अजून ठरवता येत नाही.

१६ मार्च

सगळीकडं ते फोटो. हसरा टीव्हीवर आला – आज दात आत! "पुरवठादाराची गय केली जाणार नाही." पुरवठादार म्हणजे मी. खाटा चकचकीत होत्या तेव्हा आई होते.

सून तिच्या आईजवळच राहतेय. चिरंजीव दिवसभर हसऱ्याच्या बंगल्यावर होता. संध्याकाळी आला तो माझ्यासाठी मऊ सपाता घेऊन. न सांगता पाय दाबायला बसला. माझे पाय! लग्न झाल्यापासून यानं माझ्या पायांकडं बघितलं नव्हतं.

"तुझ्या वयाच्या माणसाला कुणी काही करत नाही, आई."

"कशाबद्दल म्हणतोयस?"

"असंच."

१७ मार्च

उद्या चौकशीवाल्या साहेबांनी परत बोलावलंय. ठरवलंय. सांगणार – सिस्टरनं कठडा लावला होता, पाइप आमचा सडका होता.

पण पोराचं काय? दिवसभर तेच घोळतंय. धंदा माझ्या नावावर, सह्या माझ्या. सगळं माझ्यावरच घेते. मीच जुना पाइप घालायला लावला म्हणते. सिस्टर सुटेल, पोरगाही सुटेल. हसरा? हसऱ्याचं नाव काढलं तर पोराचंही निघणार, दोघं एकाच दोरीनं बांधलेले. म्हणजे हसऱ्यालाही सोडायचं. त्याची लाज वाटते, पण आईच आहे मी, करू काय.

पोराला यातलं काही बोलले नाही. सांगितलं तर रडेल. उद्या कळेलच.

१८ मार्च

माझं तोंड उघडायच्या आधीच साहेबांनी कागद उचलला. चिरंजीवांनी परवाच जबाब दिलाय. वाचून दाखवला – धंदा आईचा, माल आईनं घेतला, देणगी आईनं तिच्या मर्जीनं दिली, सगळे व्यवहार आई बघते, मला काही माहीत नाही. खाली सही. सुंदर वळणाची, शिकलेल्या माणसाची.

सपाता माझ्या पायांतच होत्या.

साहेब म्हणाले, "आजी, हे खरं आहे? मागच्या वेळी तर तुम्ही म्हणालात, काही कळत नाही."

दाराशी सिस्टर उभी होती.

म्हटलं, मागच्या वेळी खोटं बोलले. या कागदातलं पहिलं वाक्य तेवढं खरं. मी मालकीण, आणि मालकिणीला सगळं ठाऊक असतं. लिहून घ्या. आधी सिस्टरचं सांगितलं. मग हसऱ्याचं, खुर्च्यांपासून देणगीपर्यंत. पोराचं नाव सगळ्यात शेवटी घेतलं.

पण घेतलं.