एक मूठ जास्त

प्रिय आबा,

तुम्हाला जाऊन वर्ष झालं. वर्षश्राद्धाला हे पत्र लिहिलं असतं तर त्यात नुसती स्तुती आली असती. आज लिहितेय, कारण काल घरात कानबाई देवीच्या रोटाचे गहू मोजले आणि तुमची चोरी पकडली गेली.

नियम तुमच्याच तोंडून ऐकलेला. घरात जितके पुरुष, तितक्या सव्वा मुठी. बायका मोजायच्या नाहीत. त्या गव्हाचा रोट भाऊबंदांनीच खायचा, बाहेरच्याला कणभरही द्यायचा नाही. श्रावणातल्या या मोजणीला तुम्ही सोवळं नेसून बसायचात. ओठ हलत असायचे. आणि दर वर्षी एक मूठ जास्त पडायची!

मूठ वाढली त्या पहिल्याच वर्षी आजीने विचारलं होतं, "ही कोनी मूठ शे?"

"देवीना हिशोब शे तो. तू दळ."

तिने दळलं. पण त्या दिवसापासून ती तुमच्याकडे बघत राहिली.

मी कॉलेजातून सुट्टीला आले होते, तेव्हा मिरच्यांची देठं खुडता खुडता तिने सांगितलं, "तुन्हा आजाले डोंगरमा पोऱ्या शे."

"कशावरून, आजी?"

"दर पौषमा धडगावले बैल देखाले जातस. बैल कथा शे?"

बैल खरोखरच कधी आला नाही, आबा.

मग मीही तुम्हाला संशयाने वाचू लागले. आजीला हिवताप आला तेव्हा तुम्ही स्वतः जात्यावर बसलात, गल्लीला दिसू नये म्हणून दार लावून. रोज सकाळी मळ्यातून येताना तिच्यासाठी कण्हेरीचं फूल आणायचात. ती ते केसांत माळायची आणि माझ्या कानात म्हणायची, "पाप करेल मानूस असाच गोड वागस." मी हसले होते. नंतर हसू येईना. पोथी वाचताना तुम्ही चष्म्यावरून दाराकडे का बघायचात? कोण येणार होतं?

तुमच्यामागे काल पहिल्यांदाच बाबांनी गहू मोजले. माणशी सव्वा मूठ, आणि थांबले. आजी खांबाला टेकून बोटांवर मोजत होती. यंदा नेमके भरले. तिचा चेहरा सैल झाला.

अंगणात दित्याने चाऱ्याचा भारा टाकला होता. तुमच्याबरोबर तीस वर्षं मोट हाकलेला दित्या. ओट्याखाली, नेहमीच्या जागी उभा होता. त्यानेही मोजलं असावं. हळूच म्हणाला, "भाऊ, एक ऱ्हायनी."

आजी उठली. "कोनी? सांग! त्या पोऱ्यानं नाव सांग!"

दित्या जमिनीकडे बघतच बोलला.

"मन्ही, माय. विहीर ढासळनी ना, तवयपासून. आबा सांगेत, दित्या, तुन्ही मूठ टाकी दिन्ही. कोनले सांगू नको. घरमा मायले बी नई."

विहिरीचं गावाला ठाऊक आहे. गाळ काढायला तुम्ही उतरला होतात, कड कोसळली, आणि दित्याने तुम्हाला छातीएवढ्या चिखलातून ओढून काढलं. मुठीचं कुणालाच ठाऊक नव्हतं. पौषाचंही काल दित्यानेच सांगितलं. धडगावच्या वरच्या पाड्यावर, दित्याच्या भावांच्या घरी, तुम्ही दर वर्षी मांडी घालून भाकरी खाऊन यायचात.

मला वाटलं, आजी सुटकेने रडेल. ती खाली बसली आणि एवढंच म्हणाली, "एक डाव ईचारं असतं, तं मी नई म्हनती का?"

याचं उत्तर द्या, आबा.

तुम्हाला वाटलं, ती नाही म्हणेल. पीठ बाजूला सारेल, भाऊबंदांना सांगेल. वीस वर्षं मी समजत होते, आजी तुमच्यावर संशय घेते. आधी तुम्ही घेतलात, तिच्यावर! जिच्यासाठी जातं ओढलंत, तिच्यावर.

आणि ती मूठ तरी काय होती? त्याला मोजलंत, पण रोटाचा तुकडा त्याच्या तोंडी गेला नाही. तुम्ही त्याच्या घरात बसून जेवलात. तो आपल्या ओट्याखाली, वेगळ्या वाटीत ताक प्यायला. तुमची भक्ती खोटी होती असं मी म्हणत नाही. पण मूठ टाकली की तुम्हाला मोकळं वाटायचं का? हा माझा संशय अजून गेलेला नाही.

आजीने मग स्वतः गव्हात हात घातला. आपल्या घरात बाईचा हात त्या मापाला कधी लागला नव्हता. सव्वा मूठ टाकली.

"आई, भाऊबंद काय म्हनतीन?" बाबा म्हणाले.

"म्हनू दे. दित्या, रविवारले रोट खावाले ये. वर बठ."

दित्या हो म्हणाला नाही. विळा उचलून निघून गेला. तीस वर्षं खाली बसवलेला माणूस एका शब्दावर कसा विश्वास ठेवील?

रविवारी तुमच्या जागेशेजारी मी पाट मांडीन, हे वचन. तो आला नाही, तर रोट घेऊन त्याच्या झोपडीत जाईन आणि त्याच्यासोबत तिथेच जेवेन. आजीही येणार आहे.

मी तिला फक्त विचारलं. ती लगेच हो म्हणाली.

तुमची नात,
वत्सला