फक्त पंचवीस खाती

सोमवार, ३
नोकरी पक्की! मॅनेजरबाईंनी सकाळी स्वतः फोन करून सांगितलं आणि दुपारी मी रुजूही झालो. सर्व्हरची खोली म्हणजे मोठं कपाटच. खुर्ची आत घेतली की दार लागत नाही. पण राज्य माझं. सर्व्हरवर सॉफ्टवेअरची छोट्या कंपन्यांसाठीची आवृत्ती आहे. स्वस्त, सुटसुटीत, पण माणशी एक याप्रमाणे पंचवीसच खाती. ती भरलेली, त्यामुळे माझं बसेना. बाई म्हणाल्या, मोठी आवृत्ती मागवलीय, तोवर भागवा कसंतरी. एक खातं अकरा महिने कुणी उघडलं नव्हतं. तीन वाजता ते पुसलं आणि माझं तयार केलं. ताईला कळवलं, तर म्हणते, आता तरी शर्टाला इस्त्री करत जा.

मंगळवार, ४
जेवणाच्या सुट्टीत एका बाईंचा फोन. त्यांचे यजमान इथे नकाशे काढायचे, अकरा महिने आजारपणाच्या रजेवर आहेत. अंथरुणातून उठवत नाही, तरी काल दुपारपासून घरात नाहीत. त्यांनी नाव सांगितलं. मी पुसलेलं खातं त्यांचंच. हिशेबनीसांना विचारलं, तर म्हणाले, नकाशे काढणारं इथे कधी कुणी नव्हतंच. पहिल्याच आठवड्यात भुतं दिसायला लागली का राव? सगळे हसले. मीही हसलो. खिडकीपाशी उतरत्या फळीचं एक टेबल काल मी पाहिलं होतं. आज तिथे कुंडी आहे.

बुधवार, ५
बाईंचा पुन्हा फोन. ह्यांचा चष्मा उशाशी आहे, म्हणाल्या, पण चेहरा काही केल्या आठवत नाही.

गुरुवार, ६
आज त्यांनी फोन कुणासाठी केला तेच त्यांना आठवेना. माफ करा म्हणाल्या, पण ठेवेनात. मी एकटी राहते, मग रोज दोन कप का काढते, असं मलाच विचारत होत्या.

शुक्रवार, ७
पुसलेलं खातं सर्व्हरच्या कचरापेटीत सात दिवस राहतं. यजमान आहेत तिथे! परत आणायला गेलो, तर उत्तर आलं: जागा नाही, आधी एक खातं पुसा. सात दिवस सोमवारी तीनला संपतात. मोठी आवृत्ती बसवणारा मंगळवारी दहाला येणार. आधी या म्हणून गयावया केली. मंगळवार म्हणजे मंगळवार, म्हणाला.

शनिवार, ८
यादीतल्या चोवीस नावांवर एकेक करून बोट ठेवून पाहिलं. हिशेबनीसांच्या नावावर जरा जास्तच वेळ —
लाज वाटली.

सोमवार, १०
दोन पन्नास. माझं पुसलं. त्यांचं परत आणलं.
खिडकीपाशी टेबल आहे. कुंडी नाही.
बाईंचा फोन — रडत होत्या, हसत होत्या — हे चष्मा मागतायत म्हणाल्या.
मीही कचरापेटीत सात दिवस आहे. उद्या जागा होईल. फक्त कुणीतरी परत आणायला हवं. मॅनेजरबाई दारातून डोकावल्या, रिकाम्या खुर्चीकडे पाहावं तसं पाहून गेल्या.
ताईला फोन केला. तिने विचारलं, कोण आपण? ताई, मला — ‘आपण’ म्हणते —
बसवणाऱ्यासाठी सर्व्हरवर चिठ्ठी चिकटवलीय: हे खातं परत आणा. तो उद्या दहाला येईल, वाचेल. खाली नाव तेवढं लिहायचं राहिलंय. माझं नाव