घरगुती गटातली मागची सीट

आदरणीय साडूभाऊ,

धाकट्या साडूचा नमस्कार. ताईंचा गुडघा आता जिना चढू देतो का, तुमचा खोकला गेला की अजून त्याला घरात ठेवून घेतलंय, ते कळवा. आम्ही सगळे बरे आहोत. म्हणजे तब्येतीने बरे आहोत. घरात जे चाललंय ते तब्येतीत मोडत नाही, म्हणून वेगळं लिहितो.

आमच्या हौशी ड्रॅग रेसच्या क्लबात मला गाड्या तपासायचं काम दिलंय, हे तुमच्या कानावर आलं असेलच. (काम मानाचं आहे, असं अध्यक्ष म्हणाले. मग ते स्वतः त्यातून का पळाले, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.) शर्यत अगदी साधी: सरळ रस्ता, दोन गाड्या, आधी पोचेल ती जिंकली. भानगड सगळी त्याच्या आधी असते. घरगुती गटाचा नियम असा, की गाडी रोजच्या वापरातली हवी आणि कंपनीने दिलेलं सगळं तिच्यात जागच्या जागी हवं, सीटा, काचा, स्टेपनी, अगदी हॉर्नसुद्धा. कारण गाडी हलकी केली की जास्त पळते, आणि हे एकदा माणसाला कळलं की तो काय काय काढून घरी ठेवील याला धरबंध राहत नाही. एका दातांच्या डॉक्टरांच्या गाडीचं दार मी उघडलं तर ते माझ्या हातातच आलं. इतकं हलकं, की मी ते तसंच धरून त्यांच्याशी बराच वेळ बोलत उभा होतो. बेकरीवाल्याने स्टेपनीच्या जागी पोहायची रबरी रिंग काळी रंगवून ठेवली होती, आणि वर "हवा भरलेली आहे ना, मग झालं तर!" म्हणून माझ्याशीच हुज्जत घातली. दोघांनाही मी बाद केलं. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकतो.

आता आपले सासरेबुवा. तेही याच गटात धावतात आणि बहुतेक जिंकतात. मला क्लबात त्यांनीच आणलं, गिअर कसा टाकायचा तेही त्यांनीच शिकवलं (लग्नाच्या आधी मी जे करत होतो त्याला ते गाडी चालवणं म्हणत नाहीत). त्यांच्या गाडीत तपासायचं काय, म्हणून मी ती शेवटी ठेवली. सकाळपासून उन्हात उभं राहून पाय भरून आले होते, तेव्हा कागदावर सही करण्यापुरता त्यांच्याच मागच्या सीटवर टेकलो. कर्रकन आवाज झाला आणि मी आत गेलो. गुडघे हनुवटीला लागले, बाहेर नुसतं डोकं. कव्हरच्या खाली सीट नव्हतीच, थर्माकोल होता. (कव्हर क्लबातल्याच शिंप्याने शिवलेलं. शिलाईला मात्र नाव ठेवायला जागा नाही.)

सासरेबुवा खिडकीतून वाकले आणि म्हणाले, "जावईबापू, वजन आटोक्यात ठेवा. नाजूक गाडी आहे." सगळे खो खो हसले. मलाही वाटलं, आपणही हसावं आणि सही करून मोकळं व्हावं. पण लोकांनी ओढून बाहेर काढलं तेव्हा समोर डॉक्टर उभे होते, काखेत दार घेऊन. ते हसत नव्हते. शेजारी बेकरीवाला. मग मी केसांतला थर्माकोल झटकला आणि कागदावर 'बाद' लिहिलं. सासरेबुवांनी किल्ली घेतली आणि गेले.

तेव्हापासून ते संध्याकाळचे चहाला येत नाहीत. आमची ही म्हणाली, तुम्ही नियमाप्रमाणे बरोबर केलंत. त्यानंतर ती माझ्याशी फक्त नियमाप्रमाणे बोलते. मला सासरेबुवांची फार आठवण येते, साडूभाऊ. हे मी हिला सांगितलेलं नाही, तुम्हाला लिहितो.

अंतिम फेरी तोंडावर आली आहे. मूळ सीट बसवून पुन्हा तपासून घ्या, मग धावा, असं क्लबाने कळवलंय. पण सीट कुठे आहे विचारलं की सासरेबुवा "दिली" एवढंच म्हणतात. तुम्ही थोरले जावई, तुमचा शब्द ते खाली पडू देत नाहीत. तेव्हा एक फोन करून त्यांची समजूत काढा. बाकी काही मागणं नाही.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. फोन राहू द्या. ताईंनी काल हिला तुमच्या व्हरांड्याचा फोटो पाठवला. त्यात तुम्ही पेपर वाचत ज्या बाकावर रेलला आहात, त्याला सीटबेल्ट आहेत. (तपासनीस झाल्यापासून फोटो मोठा करून बघायची खोड लागली आहे.) जावयाला दिलेली वस्तू सासरेबुवा मरेपर्यंत परत मागणार नाहीत, शर्यत गेली तरी. म्हणून मी मागतो. मिळेल त्या टेम्पोने पाठवा. तुम्हाला दुसरा बाक मी घेऊन देतो, बिनपट्ट्यांचा.

आणखी ता. क. आत्ताच सासूबाईंचा फोन येऊन गेला. नात्यातला अवघडलेपणा नको, फेरतपासणी दुसऱ्या कोणाकडून करून घेऊ, असं अध्यक्ष सासरेबुवांना सांगायला गेले होते. तर ते त्यांच्यावरच उखडले. म्हणाले, "तपासेल तर माझा जावईच. बाकीचे नुसतं बघतात, तो बसून बघतो." तेव्हा टेम्पोचं आजच बघा.