ताईच्या गालातला पांढरा डाग

आये, आज हैदराबादला लिफ्टच्या खड्ड्यात उभा राहून मी असा ओरडलो, की वरून मुकादम धावत आला. त्याला वाटलं, माझा पाय अडकला. ताईचा रिपोर्ट आलाय, आये. कॅन्सर नाय!

पहिल्यापासून सांगतो. आपल्या वाडीत आरोग्यसेविका बॅटरी घेऊन घरोघर तोंडं बघत होती. दुखत नाय तेव्हाच बघायचं, म्हणजे वेळेत सापडतं, असं तिचं म्हणणं. ताईच्या गालात पांढरा डाग दिसला. तीपण तुझ्यासारखीच तव्यावर मशेरी भाजते. चुलीपुढचा तो खाट, जळक्या तंबाखूचा घशात जाणारा धूर, मला अजून आठवतो, आणि मी खोकलो की "हो भायेर" म्हणून तू उगारलेलं उलथणं. महाडच्या दवाखान्यात डागाचा तुकडा काढून तपासायचा म्हटल्यावर ताईनं फोनवर रडारड केली. "आयेचा तुकडा काढला नि आये गेली. मी नाय जायाची, रे." अख्खी वाडी हेच बोलते. पण मला तुझे त्याच्या आधीचे दिवस दिसतात. तोंड उघडत नाय, भाकरी पेजेत भिजवून तू कशीबशी गिळतेस, आणि वर म्हणतेस, "दाढ हाय, र्‍हाईल." तुकड्यानं नाय गो आये, उशिरानं नेलं तुला.

मी ताईला म्हटलं, "पेरणीआधी आये भात मिठाच्या पाण्यात टाकायची ना? तरंगलेलं सगळं पोचट असायचं काय?"

"नाय. ती दाताखाली धरून बघायची."

"मग? बॅटरीनं तू नुसती तरंगलीस. तुकडा म्हणजे दाताखाली धरून बघणं."

"मला भात करतोस, शहाण्या!" म्हणाली, पण हसली. आणि गेली, भावोजींना घेऊन, एसटीनं.

डॉक्टर म्हणाले, मशेरी आजपासून बंद, आणि डागावर लक्ष ठेवायला परत यायचं. शेजारच्या काकीचं तोंड साफ निघालं, तरी तिलाही पुन्हा बघणार हायत, कारण बॅटरीतून एखादं सुटतंपण. तुझं लवकर दिसलं असतं तर तू वाचलीच असतीस, असं कोण छातीठोक सांगणार? पण तुला संधी तरी मिळाली असती.

ही चिठ्ठी तुला टाकायची कुठं, राहू दे माझ्याजवळच. फक्त एक सांगतो, ताईला सांगू नको. तिला एवढं समजावलं खरं, पण तुकडा काढायच्या दिवशी मी घाबरून फोन बंद करून बसलो होतो.