हिच्या नावाचा प्राणी

३ मार्च
आजपासून रोज लिहिणार. नियम म्हणजे नियम.
बोटीवरून कॅमेरा समुद्राच्या तळाशी सोडला. फोटो झकास. एकात वरच्या कोपऱ्यात पांढुरका, गोलसर प्राणी. पुस्तकात कुठेच नाही. इतकी वर्षं कॅमेऱ्याचे नुसते स्क्रू पिळले, आता नशीब उघडलं.

४ मार्च
प्राणी सगळ्याच फोटोंत आहे. कायम वरचा उजवा कोपरा. काय ती शिस्त. खालून एवढा मोठा खेकडा गेला, हा जागचा हलला नाही.
संध्याकाळी हॉस्पिटल. हिला म्हटलं, प्राण्याला तुझंच नाव देणार. बऱ्याच दिवसांनी हसली. म्हणाली, आधी नर की मादी ते तरी बघा. डॉक्टरांना माझ्याशी बोलायचं होतं म्हणे. घाईत होतो. वाईट बातमी असती तर फोन केला असता.

(मधे लिहायचं राहिलं. काम फार.)

९ मार्च
संकल्प: शोधनिबंध लिहिणे. इंग्रजी सुधारणे. डॉक्टरांना भेटणे (उद्या).
आज कॅमेरा जास्त खोल सोडला. तिथेही हाच. चिखल असो, खडक असो, कुठेही राहतो. भलताच चिवट. हिने प्राण्याचं नर्सला सांगितलं, शेजारच्या खाटेवरच्या आजींनाही. जेवण मात्र अर्धं टाकलं. हॉस्पिटलचं जेवण कोणाला जातं? मेव्हणा म्हणतो, डॉक्टरांना आजच भेटा. त्याला प्रत्येक गोष्टीत घाई.

१४ मार्च
मॅडमना फोटो दाखवले. मॅडम आमच्या शास्त्रज्ञ. वयाने लहान, शिक्षणाने मोठ्या. एकेक फोटो मोठा करून पाहिला. मग कॅमेरा मागवला आणि पुढची काच रुमालाने पुसली. रुमालाला ग्रीस लागलं. पाणी आत शिरू नये म्हणून रबराच्या रिंगला मीच लावतो ते. काचेला बोट लागलं असणार. मॅडम म्हणाल्या, होतं असं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
हिला खरं सांगायचं. आज नको, ताप आहे.

१७ मार्च
ताप उतरला. सांगणारच होतो. हिनेच विचारलं, छापून कधी येणार? म्हटलं, महिन्याभरात. तोवर तू घरी येशील, मिळून वाचू. तेवढ्यात डॉक्टर समोरून आले. मी वाकून बुटाची लेस बांधत बसलो. लेस सुटलेली नव्हती.

२१ मार्च
डॉक्टरांनीच गाठलं. म्हणाले, आता घरी घेऊन जा.
आठवड्यापूर्वी मी इथे ‘सुधारणा आहे’ असं लिहिलं असतं. फार भीती वाटते.

२२ मार्च
हिला घरी आणलं. खाट खिडकीपाशी लावली. प्राण्याचं सांगून टाकलं, की तो माझ्या बोटाचा डाग होता. ही इतकी हसली की खोकल्याची उबळ आली. पाणी पाजलं. दम खाऊन म्हणाली, आता माझंही असंच खरं सांगा.
उशी सारखी केली. खुर्ची जवळ ओढली.
सांगितलं.